तुळशीरामने थंडीचे कपडे आणले

एका गावात एक भोळा इस्त्रीवाला होता. भोळा हा गावाने दिलेला शब्द. त्याची बायको दुसरा शब्द वापरायची, पण तो पोराबाळांत सांगण्यासारखा नाही.

नाव तुळशीराम. गाव तापीकाठचं. तिथे उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. एकदा आला की हलायचं नाव घेत नाही. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि कुत्री सावली बघून भांडतात. अशा गावात तुळशीरामचं दुकान. दुकानामागे कपडे उकळायची भट्टी, दुकानात कोळशाची इस्त्री, आणि इस्त्रीशी जखडलेली त्याची बायको सिंधू. तुळशीराम कपडे गोळा करायचा, भट्टीत घालायचा, गाठोडं खांद्यावर टाकून घरोघर पोचवायचा. इस्त्रीला मात्र सिंधू त्याला हात लावू देत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, कॉलर चांगली कडक पाहिजे. तुळशीरामने ती कडक होईपर्यंत इस्त्री उचलली नाही. कॉलर खरोखर कडक झाली. शर्ट काही राहिला नाही.

तर अठरा वर्षं सिंधू निखाऱ्यांपाशी उभी. गावात डिसेंबरात पंधरा दिवस थंडी पडते असं ऐकून होती. पण थंडी पडली की लोकांना लग्नं सुचतात आणि लग्नं सुचली की सगळ्या गावाला इस्त्री लागते. म्हणजे गाव शेकोटीपाशी आणि सिंधू शेकोटीच्या बापापाशी. पदराने कपाळ पुसत ती रोज एकच वाक्य म्हणायची, "जन्मात एकदा तरी मला थंडी वाजली पाहिजे. दातावर दात आपटले पाहिजेत."

तुळशीराम हे वाक्य अठरा वर्षं ऐकत होता. त्याच्या डोक्यात फारशा गोष्टी राहत नसत, जागा असूनही. पण हे वाक्य राहिलं होतं.

सिंधूचा धाकटा भाऊ मधुकर हिमालयात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्या वर्षी होळीच्या सुमाराला त्याचा फोन आला. सीझन संपत आलाय, पर्यटक ओसरले, मालकाने चार दिवसांसाठी एक खोली मला दिलीय. ताई, दाजींना आणि मुलांना घेऊन ये. राहणं माझं, जेवण माझं. बर्फ अजून आहे. इथे लोक पायाला दोन लांब फळ्या बांधतात, डोंगर चढून जातात आणि घसरत खाली येतात. त्याला स्कीइंग म्हणतात. मोठमोठे लोक त्यासाठी लाखभर रुपये खर्चतात.

तुळशीरामने विचारलं की खालीच यायचं असेल तर वर जातात कशाला. मधुकर पुढचं सांगू लागला. बहीण दिल्यापासून तो दाजींच्या प्रश्नांना उत्तरं देत नसे.

अडचण एकच होती. कपडे. घरात थंडीचा म्हणून एक चिंधी नव्हती. मधुकर म्हणाला, अंगावर घालायचा जाड सूट इथे भाड्याने मिळतो, त्याची सोय मी करतो. बाकीचं तिकडून आणा. आणि ताई, नवं काही विकत घेऊ नकोस, चार दिवसांसाठी कोण पैसे घालवतं. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मागा, नाही तर जुन्या बाजारात बघा. आणि हो, आणलेला कपडा निदान अर्धा तास अंगात घालून हिंडून बघा. इथे आल्यावर घट्ट निघाला तर मी काय करू?

सिंधूला आठ दिवसांची इस्त्री आधीच उरकायची होती. म्हणून कपडे जमवायचं काम तिने नवऱ्याला दिलं. पुढे जे झालं त्यात तिचीही चूक होती असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

तुळशीराम आधी सुभेदार खैरनारांकडे गेला. सुभेदार फौजेत असताना बर्फात राहिले होते आणि गावाला हे दिवसातून दोनदा सांगत. त्यांनी पेटीतून लोकरीचा कोट काढला. गुडघ्यापर्यंत लांब, आतून केसाळ, डांबराच्या गोळ्यांचा वास. तुळशीरामने कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, घड्याळात पाहिलं. दुपारचा दीड. अर्धा तास हिंडायचं होतं. तो हिंडायला लागला.

उन्हात चिटपाखरू नव्हतं. मारुतीच्या पाराला त्याने वेढ्यावर वेढे घातले. एकोणतिसाव्या मिनिटाला तो पडला. उरलेलं एक मिनिट त्याने पडल्या पडल्या पूर्ण केलं. लोक धावले, कुणी कांदा हुंगवला, कुणी दोन बादल्या पाणी ओतलं. तोवर सुभेदारही आले. त्यांनी आधी कोटाची नाडी पाहिली. मग माणसाची. आणि कोट काढून घेऊन घरी गेले. म्हणाले, उद्या हा यात मेला तर कोटाचं नाव खराब होईल.

सिंधूने त्याला कैरीचं पन्हं पाजलं आणि म्हणाली, "अहो, थंडीच्या दिवसांचं काही आणलं की ते अंगात घालून मिरवायचं नसतं. दुपारभर कडक उन्हात टाकायचं. वास जातो, कसर मरते."

"बरं," तुळशीराम म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी आले गमबूट. आठवडे बाजारात एकाने जुन्या गमबुटांचा ढीग घातला होता. तुळशीरामने चार जोड निवडले, दोन मोठे, दोन लहान. चांगले काळे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे. अगदी कवडीमोलात. घरी आणले आणि सांगितल्याप्रमाणे कडक उन्हात टाकले. अंगणात सावली सरकत येते म्हणून पत्र्यावर टाकले. त्या पत्र्यावर सिंधू पापड वाळवते आणि अर्ध्या तासात ते भाजल्यासारखे होतात. इतका विचार त्याने केला होता. विचार तो करत नाही असं कुणी म्हणू नये.

संध्याकाळी तो शिडी लावून चढला. वर आठ बूट नव्हते. एकच होता, आठ तोंडांचा. तो पत्र्यालाही असा चिकटला होता की खाली येताना पत्र्याचा खिळा घेऊन आला. धाकटा मुकुंद म्हणाला, बाबा, हा घालायला आपण चौघांनी एका ओळीत चालायला पाहिजे. पोराने बापाचं डोकं घेतलंय की आईचं, ते त्या दिवशी ठरलं.

सिंधू कंबरेवर हात ठेवून त्या बुटाकडे बघत राहिली. "अहो, रबराला ऊन सोसतं का? असलं काही आणलं की आधी पाण्यात घालायचं. स्वच्छ होतं, धडही राहतं."

"बरं," तुळशीराम म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

आता पुढच्या वेळी काय यावं? लोकर. नशीब म्हणतात ते यालाच.

गावात लीलाबाई म्हणून निवृत्त मास्तरीण होत्या. कुणाच्याही घरी पाळणा हलला की त्या टोपडं विणून देत. त्यांना सिंधूचा बेत कळला आणि माउलीने फाल्गुनाच्या काहिलीत, ओला पंचा डोक्यावर घेऊन, आठ दिवसांत चार कानटोप्या आणि चार जोड हातमोजे विणले. टोप्यांना वर गोंडे. ज्योत्स्नाच्या टोपीवर तर फूल काढलं होतं. ज्योत्स्ना म्हणजे थोरली मुलगी, बारा वर्षांची. लीलाबाईंनी दमडी घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, बर्फातला एक फोटो मला पाठवा.

तुळशीराम त्या आठ वस्तू छातीशी धरून घरी आला. सांगितल्याप्रमाणे पाण्यात घातल्या. आता परटाच्या घरात पाणी म्हटलं की कुठलं पाणी? भट्टीचं. खालून जाळ, वरून सोडा, मध्ये उकळी. शिवाय वस्तू दुसऱ्याने प्रेमाने दिलेली, म्हणून त्याने नेहमीपेक्षा एक उकळी जास्त दिली.

काठीने बाहेर काढल्या तेव्हा टोप्या लिंबाला बसतील एवढ्या झाल्या होत्या. हातमोज्यांत बोट जाईना. मुकुंदने पेन्सिल घालून पाहिली, ती गेली. संध्याकाळी लीलाबाई रस्त्यात भेटल्या, टोप्या मापात झाल्या का विचारू लागल्या. तुळशीराम खोटं बोलत नाही. तो म्हणाला, टोप्या मापातच आहेत, आमची डोकी मोठी निघाली. लीलाबाईंना वाटलं, गंमत करतोय. त्या हसत गेल्या, आणि मला त्यांचंच जास्त वाईट वाटतं.

सिंधूने या वेळी खाली बसून घेतलं. इकडे दिवस भराभर चालले होते. तिकिटं काढलेली, खोली ठरलेली आणि अंगावर घालायला चार गोंडे. तिने एक टोपी ताणून पाहिली. ताणली जाईना. मग म्हणाली, "अहो, इस्त्रीवाल्याच्या घरात हे मी सांगायचं? आटलेल्या, चुरगळलेल्या कपड्यावर ओलं फडकं टाकायचं, वरून इस्त्री फिरवायची आणि हळूहळू ताणत जायचं. मूळ मापावर येतो."

"बरं," तुळशीराम म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुळशीरामला शब्दाचा मार लागत नसे, तो शब्द उचलायचा आणि दुसऱ्यालाच मारायचा.

जायला दोन दिवस उरले. जुन्या बाजारात त्याला पावसाळी विजारी मिळाल्या. चार. चकचकीत, निळ्या, प्लॅस्टिकच्या, पाण्याचा थेंब न शिरणाऱ्या. बर्फात बसलं तरी खालून ओल येणार नाही, अशी चीज. सबंध खटपटीत त्याने आणलेल्यांपैकी सगळ्यात कामाची वस्तू हीच होती. विकणाऱ्याने त्या घडी करून पिशवीत कोंबल्या होत्या, त्यामुळे चुरगळलेल्या होत्या.

सिंधू तेव्हा गिऱ्हाइकांना आठ दिवस दुकान बंद राहील हे सांगायला गेली होती. इस्त्री पेटलेलीच होती. तुळशीरामने चारही विजारी एकावर एक ठेवल्या, ओलं फडकं टाकलं आणि अठरा वर्षांनी इस्त्री हातात घेतली. फडकं छोटं होतं. इस्त्री मोठी होती. ताणायचं मात्र तो विसरला नाही.

गावात आधी वास पोचला, मग धूर. लोकांना वाटलं, खांबावरची डीपी जळाली. वीज मंडळाचा माणूस खांबावर चढलासुद्धा. सिंधू धावत आली तेव्हा अर्ध्या विजारी टेबलाला होत्या, अर्ध्या इस्त्रीला, आणि तुळशीराम दोन्हींच्या मध्ये उभा राहून ताणत होता.

ती ओरडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. तुळशीरामला ओरडा खायची सवय होती, याची नव्हती. तो शेजारी जाऊन बसला. ती म्हणाली, माझी एवढी एकच गोष्ट होती हो. दागिना मागितला नाही, घर मागितलं नाही. एकदा थंडी मागितली. तीसुद्धा तुमच्यामुळे आता मला मिळते की नाही देव जाणे.

तुळशीराम भोळा होता, दगड नव्हता. त्याने हळूच विचारलं, "मग पुढच्या वेळी काय करू?"

सिंधूने डोळे पुसले. "नवी वस्तू हातात आली की मनाचं काही करायचं नाही. दुकानदाराला विचारायचं, बाबा रे, यानं काय होतं? आणि आपल्या कामाचं नसेल तर तिथल्या तिथे परत करायचं. घरी आणायचं नाही, उन्हात टाकायचं नाही, भट्टीत घालायचं नाही. विचारायचं आणि परत करायचं. कळलं?"

"कळलं," तुळशीराम म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

मधुकरने फोनवर धीर दिला. ताई, काही आणू नकोस, नुसती ये. मी आता चौकशी केली, भाड्याचा सूट नखशिखान्त असतो. टोपी, हातमोजे, सगळं त्याच्यासोबत येतं. तेवढा एक सूट असला की आत काय घातलंय ते कोण बघतंय? मग चौघं निघाले, नेहमीच्या सुती कपड्यांत. सिंधूने साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घातला, शेतावर जाणाऱ्या बायका घालतात तसा. हीच काय ती थंडीची तयारी.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर डोंगराच्या पायथ्याशी मधुकर जीप घेऊन हजर. बहिणीला बघितलं आणि त्याचं प्रेम उतू गेलं. त्याने हॉटेलातून तीन जाड रजया आणल्या होत्या. ताईला थंडी बाधेल म्हणून तिला तिन्हींत गुंडाळलं. नुसतं नाक बाहेर. सारण जास्त झालेल्या करंजीसारखी सिंधू वर पोचली. खोलीत लोखंडी शेगडी रसरसत होती. सिंधूला घाम फुटला. ती म्हणाली, खिडकी उघड. मधुकर म्हणाला, ताई, वेडी आहेस का, थंडी वाजेल. सिंधू म्हणाली, अरे, त्यासाठीच तर आलेय मी. मधुकर हसला आणि शेगडीत आणखी दोन लाकडं सारली. म्हणजे तापीकाठची बाई हिमालयात येऊन पुन्हा निखाऱ्यापाशी.

हे बोलणं तुळशीरामने ऐकलं. कोपऱ्यात बसून नीट ऐकलं.

सकाळी खिडकीबाहेर सगळं पांढरं. घरं, झाडं, कुंपणं, एक गाढवसुद्धा. मुलांचे डोळे काचेला चिकटले. सिंधू नुसती बघत होती. मधुकरला नाश्त्याची घाई होती. तो तुळशीरामला म्हणाला, दाजी, समोरच्या दुकानात चार सूट, चार जोड बूट आणि चार जोड फळ्या आपल्या नावाने काढून ठेवल्यात. पैसे मी दिलेत. तुम्ही फक्त घेऊन या.

फक्त घेऊन या. मधुकरला अजून दाजी पुरते कळले नव्हते.

दुकानदार म्हातारा होता, तीस वर्षं हाच धंदा. त्याने फळ्या पुढे केल्या. तुळशीरामने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, यानं काय होतं? म्हातारा म्हणाला, यानं माणूस घसरतो. तुळशीरामने मान हलवली. ठीक आहे, घसरायलाच आलोय. बूट पुढे आले. यानं काय होतं? फळीवर पाय बसतो. हेही पटलं. मग म्हाताऱ्याने सूट काढले. जाड, लाल, फुगीर, टोपीसकट, हातमोज्यांसकट.

"यानं काय होतं?"

"हा घातला की थंडी वाजत नाही," म्हातारा अभिमानाने म्हणाला.

तुळशीराम थबकला. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"थोडी तरी?"

म्हाताऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक मालाची परीक्षा घेतंय. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की यात कुणाला तसूभर जरी थंडी वाजली तर सगळे पैसे परत. अंगात घालून बर्फात झोपलात तरी वाजणार नाही.

तुळशीरामने सूट उचलले, परटाच्या हाताने त्यांच्या चार सुबक घड्या घातल्या आणि परत दिले. म्हणाला, "हे आमच्या कामाचं नाही."

म्हाताऱ्याने तीस वर्षांत नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने तुळशीरामला एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर पाहिलं. मागे चार जणांचं एक कुटुंब सूट मागत उभंच होतं. सीझन सरत आलेला, दुकानात तेवढेच सूट उरलेले. ते सूट घालून ती मंडळी पाच मिनिटांत डोंगराकडे गेलीसुद्धा.

तुळशीराम फळ्या आणि बूट खांद्यावर टाकून खोलीत आला. आनंदात होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघूनच सिंधूने त्याच्या खांद्यावरचं सामान मोजायला घेतलं.

"सूट कुठे आहेत?" तिने विचारलं.

"परत केले."

"परत?"

"तूच म्हणालीस, विचारायचं यानं काय होतं. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, यानं थंडी वाजत नाही. अगं, अठरा वर्षं तू म्हणतेस, एकदा तरी थंडी वाजली पाहिजे. मग एवढ्या लांब येऊन थंडी न वाजायचे कपडे कशाला घ्यायचे? आपल्या कामाचे नव्हते. तिथल्या तिथे परत केले. घरी आणले नाहीत, उन्हात टाकले नाहीत, भट्टीत घातले नाहीत."

अठरा वर्षांत पहिल्यांदा सिंधूला त्याच्या बोलण्यात चूक सापडेना, आणि चूक तर ढळढळीत समोर होती. मधुकर दुकानाकडे पळत गेला आणि हात हलवत परत आला. सूट संध्याकाळी परत येतील, उद्यापासून तीन दिवस आपलेच, आजचा दिवस शेगडीपाशी काढा, असं तो म्हणाला.

शेगडी म्हटल्याबरोबर सिंधू उठली. म्हणाली, शेगडी मला घरी आहे. तिने साडीचा कासोटा मारला, फुल शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, ते जड बूट पायांत चढवले. मुलांना रजईत गुंडाळून खिडकीपाशी बसवलं. आणि हॉटेलामागच्या छोट्या उतारावर जाऊन फळ्यांवर उभी राहिली. सूट घातलेले लोक थांबून बघायला लागले. लाखभर रुपये देऊन आलेले लोक, पण असं काही त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

तिने फळ्यांसोबत आलेली काठी टेकली, कुलदैवताचं नाव घेतलं आणि सुटली. दहा वाव नीट गेली. दहा वाव म्हणजे साठ फूट, थोडं नाही. मग एक फळी एका गावाला, दुसरी दुसऱ्याला, आणि सिंधू तोंडावर बर्फात. शर्टाच्या गळ्यातून बर्फ आत गेला तो थेट पाठीपर्यंत. ती उठली तेव्हा ओठ निळे आणि अंग पानासारखं थरथरत होतं. तुळशीराम घसरत पडत तिच्यापाशी पोचला.

"वाजली?" त्याने विचारलं.

सिंधूला बोलता येईना. दातावर दात असे आपटत होते की खिडकीतल्या मुलांना ऐकू गेले असतील. तिने नुसती मान हलवली. आणि मग ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. बर्फात बसकण मारून, निथळत्या कासोट्यात, ती म्हणाली, "वा-वा-वाजली हो. खरंच वाजली." एवढी सुखात सिंधू कुणी पाहिली नव्हती. तुळशीरामलाही भरून आलं. आपण काहीतरी बरोबर केलं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर तुळशीरामला शहाणा म्हणावं लागलं असतं. म्हणून ती इथे संपत नाही.

मधुकरने बहिणीला आत नेलं, कोरडी साडी दिली, पुन्हा तिन्ही रजयांत गुंडाळलं आणि आलं-मिऱ्याचा काढा पाजला. काढ्यात त्याने हॉटेलातल्या कुठल्याशा बाटलीतले चार चमचे घातले. औषध म्हणून. मग तो जेवणाच्या तयारीला गेला. सिंधूचे डोळे मिटायला लागले. उद्या सूट येतील, मग तीन दिवस ऐटीत घसरू, असं तिच्या मनात होतं. पण बोलली ती एवढंच. म्हणाली, "झाली माझी हौस. आता पुन्हा म्हणून मला थंडी वाजता कामा नये. काय करायचं ते करा."

"बरं," तुळशीराम म्हणाला.

तो तडक त्या म्हाताऱ्याकडे गेला. मनाचं काही करायचं नाही, विचारायचं, हे त्याच्या लक्षात होतं. त्याने विचारलं, बायकोला आता थंडी वाजू नये असं काय करावं? म्हाताऱ्याने त्याला ओळखलं. सूट परत देणारा हाच. तो वैतागून म्हणाला, थंडी नको असेल तर तुमच्या गावाला जा ना.

इतकं सरळ उत्तर तुळशीरामला आजवर कुणी दिलं नव्हतं. खाली जाणारी जीप समोर उभीच होती.

सिंधू गाढ झोपली होती. तुळशीरामने तिला उठवलं नाही. रजयांची चार टोकं जुळवली, खांद्यावर घेतली. गाठोडं उचलायचं आणि पोचवायचं, हेच तर त्याने जन्मभर केलेलं. मुलांना म्हणाला, चला, आईला थंडी वाजू द्यायची नाही. ज्योत्स्ना वाटेत दोनदा म्हणाली, बाबा, सूटचं दुकान मागे राहिलं. तो म्हणाला, आईनेच सांगितलंय. तिकडे मधुकर चौघांची ताटं वाढून वाट बघत बसला.

सिंधूला जाग आली ती घामाने. रजई बाजूला सारून बघते तो खाली बाक, समोर पंखा, खिडकीबाहेर सपाट पिवळी शेतं, आणि गाडी धडधडत घराकडे निघालेली. तुळशीरामने तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली. त्यानंतर दीड दिवस ती खिडकीबाहेरच बघत बसली.

गावात उतरले तेव्हा भर दुपार. बेचाळीस अंश. पारावर बसलेल्या सुभेदारांनी तुळशीरामला खांद्यावर तीन रजया घेऊन येताना पाहिलं आणि घरात जाऊन कोटाच्या पेटीला कुलूप लावलं. एवढ्या खटपटीतून घरात थंडीचा कपडा आला तो हाच, आणि तोही फुकटात.

आठ दिवसांची म्हणून ठेवलेली सुट्टी पाच दिवसांतच सरली होती. सिंधूने दुकान उघडलं. इस्त्रीच्या तळाची निळी विजार खरवडून काढली. कोळसे पेटवले. पदराने कपाळ पुसलं आणि कुणाचा तरी शर्ट टेबलावर पसरला. तुळशीराम पायरीवर बसून तिच्याकडे बघत होता. त्याला काळजी होती.

"थंडी वाजतेय का गं?" त्याने विचारलं.

सिंधूने इस्त्री उचलली. ती कुठे ठेवावी याचा तिने बराच वेळ विचार केला. मग ती शर्टावरच ठेवली.

"नाही," ती म्हणाली.

"बघ," तुळशीराम म्हणाला. "या वेळी अगदी तू सांगितलंस तसंच केलं."